एका इयत्तेचीं दोन वर्षें

मुलगा एकाच इयत्तेंत दोन वर्षें बसला, ही गोष्ट आपल्या समाजांत अजूनही दबल्या आवाजांत सांगितली जाते. आजारपण असो, घरांतील अडचण असो कीं अभ्यासाचा कंटाळा असो, ‘वर्ष फुकट गेलें’ एवढेंच काय तें शेजाऱ्यांच्या लक्षांत राहतें. अशा समाजांत वाढलेल्या वाचकांस अमेरिकेंतील कांहीं कुटुंबांची एक रीति कोड्यासारखी वाटेल. तेथें सहावी ते आठवी या मधल्या शाळेंत शिकणारा, सर्व विषयांत उत्तीर्ण झालेला, प्रकृतीनें धडधाकट असा मुलगा आईबापांच्या इच्छेनें तीच इयत्ता पुन्हा करतो. आणि तें कशासाठीं, तर पुढें हायस्कुलांत बास्केटबॉल किंवा फुटबॉल खेळूं लागेल तेव्हां तो सोबत्यांहून एक वर्षानें मोठा, तितकाच उंच व वजनदार असावा म्हणून. सरकारी शाळा उत्तीर्ण मुलास पुन्हा त्याच वर्गांत घेण्यास सहसा राजी नसतात. मग एखाद्या खाजगी शाळेंत फी भरून त्यास घालतात, किंवा वर्षभर घरींच शिकवितात.

हा उद्योग आठवीच्या आंतच कां उरकावा लागतो, हें समजून घेतलें पाहिजे. तेथील शालेय खेळांचे नियम प्रत्येक राज्याची क्रीडासंस्था ठरविते, व बहुतेक ठिकाणीं दोन कुंपणें आढळतात. विद्यार्थ्यानें नववींत पाऊल टाकलें कीं सलग आठ सत्रें, म्हणजे चार वर्षें, हीच त्याच्या खेळण्याची मुदत. पुढें तो नापास झाला तरी ती वाढत नाहीं. दुसरें कुंपण वयाचें: शालेय वर्षाच्या आरंभाजवळच्या एका ठराविक तारखेपूर्वीं ज्यास एकोणीस वर्षें पूर्ण झालीं, तो बाद. सरळ शिकत गेलेला मुलगा शेवटच्या वर्षाच्या आरंभीं साधारण सतरा वर्षांचा असतो. म्हणजे दोन्ही कुंपणांच्या मध्यें वर्षभराची मोकळी जागा उरते, आणि नववीपूर्वीं मुदतीची मोजणीच सुरू झालेली नसल्यामुळें ती जागा तेथेंच मिळवावी लागते. विद्यापीठांत ही युक्ति जुनी असून ‘लाल सदरा’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. १९३७ सालीं नेब्रास्का विद्यापीठांतील एका खेळाडूनें सामने न खेळतां वर्षभर केवळ सराव करण्याची परवानगी मागितली, व तो लाल सदरा घालून सराव करी, अशी त्या नांवाची हकीकत सांगतात. तो तरुण आपल्यापुरता विचार करण्याइतका जाणता होता. तेरा वर्षांच्या मुलाविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

एका वर्षाचें तें काय एवढें, असें कोणी विचारील. चाळीस व एकेचाळीस वर्षांच्या गृहस्थांत फरक नसतो हें खरें; परंतु तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलगे असे झपाट्यानें वाढतात कीं वर्षापूर्वींचा सदरा अंगास येत नाहीं. शेजारच्या कॅनडांत रॉजर बार्न्स्ली या मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, बर्फावरील हॉकीच्या वरच्या संघांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेले खेळाडू वर्षअखेरीस जन्मलेल्यांपेक्षां कितीतरी अधिक असतात. तेथें मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजीत. त्या तारखेच्या लगेच नंतर जन्मलेला मुलगा गटांत थोरला ठरे. थोरला म्हणून निवडला जाई. निवडला गेला म्हणून त्यास चांगला शिक्षक व अधिक सामने मिळत, आणि मग तो खरोखरच सरस होई. आरंभीं जें केवळ वय होतें, त्याचें कांहीं वर्षांनीं कौशल्य बनलें.

या आईबापांच्या बाजूनें सर्वांत बळकट युक्तिवाद येथूनच निघतो. जन्मतारखेच्या योगायोगानें आमचा मुलगा वर्गांत सर्वांत धाकटा ठरला, हा त्याचा अपराध आहे काय? तो योगायोग आम्हीं दुरुस्त केला तर कोणाचें काय बिघडलें? शिवाय आम्हीं खोटें कांहींच केलेलें नाहीं. हें शेवटचें वाक्य आम्हांस विशेष विचारार्ह वाटतें. पेनसिल्व्हेनियांतील विल्यम्सपोर्ट येथें भरणाऱ्या लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेंत २००१ सालीं बारा वर्षांचा म्हणून गाजलेला एक गोलंदाज चौदा वर्षांचा निघाला, आणि त्याच्या संघाचे विजय रद्द झाले. तेथें कागद खोटा होता. आपल्याकडेही दोष आहे तो कागदाचाच. गुरुजींनीं शाळेंत नांव घालतांना १ जून ही जन्मतारीख ज्यांस बहाल केली अशीं माणसें महाराष्ट्रांत घरोघर आहेत, व त्या भाबड्या तारखेस कोणी हंसतही नाहीं. परंतु क्रिकेटच्या संघांत शिरण्यासाठीं वय चोरण्याचा प्रकार इतका वाढला कीं, सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या पंजाचें व मनगटाचें क्ष-किरण छायाचित्र घेऊन हाडांवरून वय ताडण्याची पाळी क्रिकेट नियामक मंडळावर आली. राहुल द्रविड यांनीं २०१५ च्या पतौडी स्मृति व्याख्यानांत या चोरीचें नातें थेट सामनानिश्चितीच्या भ्रष्टाचाराशीं जोडलें, तें उगीच नव्हे. अमेरिकेंतील उपर्युक्त मुलाची जन्मतारीख मात्र अक्षरशः खरी असते. मग आक्षेप कशास घ्यावा?

गांवच्या जत्रेंत कुस्त्या लावतांना पंच दोन्ही पोरांस शेजारीं शेजारीं उभें करून पाहतात. अंगापिंडानें जोड बरोबरीची नसेल तर भोंवतालचीं माणसेंच ओरडतात. तेथें जोड सर्वांच्या डोळ्यांदेखत लागते. शाळेच्या खेळांत हें काम इयत्तेवर सोंपविलेलें आहे: आठवीचा मुलगा आठवीच्या मुलाशीं खेळतो, म्हणजे तीं दोघें जवळजवळ बरोबरीचीं, असें गृहीत धरलेलें असतें. इयत्ता हें विद्येचें माप. तें खेळानें विश्वासानें उसनें घेतलें. ज्यास गणित खरोखरच समजलें नाहीं त्यानें तें वर्ष पुन्हा केलें तर मापाचा उपयोग मापासारखाच झाला, आणि कोणाचें कांहीं गेलें नाहीं. पण बास्केटबॉलच्या मैदानांत एका बाजूस पांचच खेळाडू उभे राहतात. राखून ठेवलेल्या वर्षाच्या बळावर जो आंत आला, त्याच्यामुळें एक मुलगा बांकावर बसला; त्याच्या बापापाशीं कदाचित् वर्षभराची जादा फी नव्हती. सर्वांनींच वर्ष राखलें तर सर्वजण पुन्हा होते तेथेंच, फक्त एकेक वर्षानें म्हातारे.

धाकट्या ठरलेल्या मुलाची अडचण मात्र खरी आहे, आणि ती आम्हीं नाकारीत नाहीं. इंग्लंडमधील फुटबॉल-प्रशिक्षणशाळांतून अलीकडे कांहीं सामन्यांसाठीं मुलांचे गट जन्मतारखेऐवजीं शरीराच्या वाढीवरून पाडून पाहिले गेले. हा उपाय सर्वांस सारखा लागू पडतो. खाजगी उपायाचें तसें नसतें. मागें राहिलेल्या दुबळ्या मुलासाठीं म्हणून त्याचें समर्थन करतात खरें, पण ज्याच्या खेळांत कांहीं चमक दिसत नाहीं त्याच्यापायीं वर्षभराचा खर्च कोण करील? आधींच बऱ्या असलेल्या मुलावरच तो होणार.

न्यू जर्सीसारख्या राज्यांत मराठी कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं नातवंडें तिकडच्या शाळांत खेळत असतील, तेव्हां हा विचार अगदीं परक्यांचा नव्हे. आजोबांनीं दोन आंकडे तरी समोर ठेवावे. हायस्कुलांत खेळणाऱ्या शंभर मुलांपैकीं सुमारें दोघांसच पुढें महाविद्यालयांत खेळाची शिष्यवृत्ति मिळते, असें तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंस्थाच सांगते. उरलेले अठ्ठ्याण्णव त्या वर्षाचें काय करतात? त्यांचे वर्गमित्र पुढें गेलेले असतात, आणि पाठ झालेले धडे त्यांस पुन्हा ऐकावे लागतात. जे दोघे जिंकले त्यांसही एक शंका पुरून उरण्यासारखी आहे: हें यश आपल्या हातापायांचें कीं त्या वर्षाचें?

टेक्ससच्या नियमांत यावर एक तोड काढलेली आहे. सातवींत किंवा आठवींत खेळाच्या हेतूनें मागें ठेवलेल्या विद्यार्थ्याचें नववीनंतरचें चौथें वर्ष खेळापुरतें कापलें जातें. जें कमावलें तेंच परत घेतात. नियम न्याय्य आहे, परंतु त्याचा सारा भार ‘हेतु’ या एका शब्दावर आहे, आणि हेतूचें क्ष-किरण छायाचित्र निघत नाहीं. आईबापांस विचारलें तर, मुलगा मनानें जरा लहान होता, अभ्यास पक्का व्हावा म्हणून ठेवला, असें सांगून मोकळें होतां येतें. त्यांच्या शेजारीं मुलगा बसलेला असतो, व कारण काय होतें तें त्यास ठाऊक असतें. पुढच्या वर्षीं त्यालाच कोणी विचारलें तर तो काय सांगेल, याचा विचार वर्ष राखण्यापूर्वींच केलेला बरा.