थोरली माफी

‘माफ’ हा शब्द आमच्या वाशीकडे साऱ्याला लागतो, दंडाला लागतो. माणसाच्या अपराधाला मात्र आपण ‘पोटात घाला’ म्हणतो. माफी वरून खाली येते आणि कागदावर उतरते. पोटात घालायचे काम ज्याला लागले त्याचेच.

चिनी भाषेने सरकारी माफीच्याही प्रती लावल्या आहेत. ‘दाशे’ म्हणजे सरसकट, थोरली माफी. ‘थशे’ म्हणजे निवडक. तांग बादशहांच्या काळी थोरली माफी जाहीर झाली की उंच खांबावर सोनेरी कोंबडा चढे, नगारे वाजत, बेड्या निघत. राजद्रोहासारखी दहा महापातके मात्र नेहमीच्या माफीत बसत नसत. दुसऱ्याचे घर फोडणाऱ्याला बादशहा सोडी; स्वतःचे दुखणे त्याच्या पोटात सहसा मावत नसे! आपल्याकडेही अशोकाने सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैदी सोडल्याचे त्याचा स्तंभलेख सांगतो. असो.

आजच्या चिनी घटनेत ‘दाशे’ उरलेला नाही, फक्त ‘थशे’ आहे. कम्युनिस्ट राजवटीतला पहिला निघाला १७ सप्टेंबर १९५९ रोजी. पदच्युत बादशहा पुयी त्यातच सुटला. ही तारीख मराठवाड्याला निराळ्याच कारणाने पाठ आहे. १९४८ साली त्याच दिवशी निजाम शरण आला. पुढे तोच १९५० ते १९५६ राजप्रमुख होता, आणि रझाकारांचा पुढारी कासीम रझवी १९५७ साली सुटून पाकिस्तानात गेला.

रझाकारांनी जे केले ते आम्ही दर वर्षी सांगतो, आणि सांगावेच. पण पोलीस कारवाईच्या पाठोपाठ मुसलमान शेजाऱ्यांवर जे गुदरले, ते पंडित सुंदरलाल समितीने फिरून नोंदले. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, होता. साऱ्या संस्थानातल्या मृतांचा समितीचा अंदाज निदान २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच पडून राहिला.

कोंबडा चढला नाही, नगारा वाजला नाही. थोरली माफी मात्र होऊन गेली. गावे पुन्हा नांदू लागली, हे मोलाचेच, आणि खपली कशाला काढता असे विचारणारा माणूस दुष्ट नसतो. तरीही चिनी फर्मानात निदान कोणता अपराध माफ, हे लिहावे लागे. म्हणजे अपराध झाला, एवढे तरी कबूल होई. इथे तेही झाले नाही. आठवडी बाजारात शेजारी शेजारी पाल ठोकून बसणाऱ्या दोघांच्या आज्यांना कोणी काही विचारले नाही. आता नातवांना विचारायचे, तर आधी काय घडले ते त्यांना सांगावे लागेल.