गोठलेले दव आणि आपली नजर



थंडी सुरू झाली की एक छायाचित्र वर्तमानपत्रात हमखास येते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठलेले असते. गवताची पाती, बोटीत चढायच्या फळ्या, मोटारींचे टप पांढरे झालेले असतात. पर्यटक पहाटेच कॅमेरे आणि मोबाईल घेऊन तेथे धावतात. थंड देशांत लोक नदीवर धरणारा पहिला बर्फ टिपण्यासाठी तासन्‌तास उभे राहतात. आपल्या बोरीच्या नदी-ओढ्यांवर बर्फ धरत नाही. त्याच्या जवळ जाणारे महाराष्ट्रातले दृश्य म्हणजे हे वेण्णाकाठचे हिमकण.

हा हिमवर्षाव नव्हे. आकाश निरभ्र असले आणि वारा पडला की रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते. थंड हवा जड असल्याने खोलगट भागात साचते. म्हणूनच वेधशाळेचा पारा शून्याच्या वर असला तरी तळ्याकाठचे दव गोठू शकते.

पण अशीच रात्र दुसरीकडेही येते. डिसेंबर 2018 च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा वेळी द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून पहाटेच ते वेलींना सोडतात. परभणीतही काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली गेला आहे. रात्रीची लाईट असेल तेव्हा आपल्याकडचा शेतकरी त्याच गारठ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला जातो आणि चिखलात पाय रोवून दारे धरतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे लेकरांना घेऊन कोपीत निजतात.

मग प्रश्न पडतो, दुसऱ्याला ज्याचा त्रास होतो त्याला आपण सुंदर म्हणावे का?

जे पाहताच मनाला सुख होते ते सुंदर, अशा अर्थाचे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1790 मध्ये त्यात भर घातली. सौंदर्याचा आनंद निःस्वार्थ असतो, त्यात आपला नफा-तोटा गुंतलेला नसतो, असे त्यांचे म्हणणे. यावरून कोणी म्हणेल की ज्याचे पीक धोक्यात आहे त्याला सौंदर्य दिसायचे नाही. आम्हांस हे पटत नाही. अमेरिकेतील व्हरमाँटचे विल्सन बेंटली हे स्वतः शेतकरी होते. 1885 च्या जानेवारीत त्यांनी हिमकणाचे आपले पहिले छायाचित्र घेतले आणि 1931 मध्ये मृत्यू येईपर्यंत पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. थंडी त्यांच्याही अंगाला झोंबत होती, तरी त्यांची नजर मेली नाही.

तेव्हा सुंदर म्हणण्यात दोष नाही. गोठलेले दव सुंदरच आहे, आणि शेतकऱ्याचे नुकसान झाले म्हणून ते कुरूप होत नाही. दोष शिरतो तो पाहणे तेवढ्यावरच थांबले की. छायाचित्राला चौकट असावीच लागते, त्याशिवाय ते काढताच येणार नाही. आपल्या मनाला मात्र तशी चौकट घालण्याची सक्ती कोणी केलेली नाही. निःस्वार्थ आनंद हे मोठे दान आहे, पण ज्याला रात्री ऊब मिळाली आहे त्याला ते सहज मिळते. म्हणूनच पाहणाऱ्यावर थोडी जबाबदारी येते. ज्या थंडीने आपल्याला आनंद दिला तिने आणखी कोणाला गाठले, एवढे तरी त्याने विचारावे.

बंधुभगिनींनो, यंदाही ते छायाचित्र आपल्या मोबाईलवर येईल. अवश्य पाहावे, मुलांना दाखवावे, दव कसे गोठते तेही सांगावे. त्याच दिवशी आपल्या आळीत रात्री पाणी द्यायला कोण जाते, कोणाच्या घरी पांघरूण अपुरे आहे, याचीही चौकशी करावी. जास्तीचे घोंगडे पेटीत पडून असेल तर ते बाहेर काढावे.