सगळ्यांना एकाच पॉलिसीत कोंबू नकोस

चि. संदीप,

तुझं पत्र मिळालं. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या ग्रुप पॉलिसीचा हप्ता यंदाही वाढला, म्हणून ती बंद करून पगारातच थोडे पैसे वाढवून द्यावेत, असं तुझ्या मनात आहे. तसं करू नकोस. वाढीव पगार किराण्यात जिरतो आणि घरात ऑपरेशन निघालं की माणूस उचल मागायला तुझ्याच केबिनमध्ये येतो.

खर्च कमी करायचा तर आधी कोणाला कोणतं संरक्षण मिळू शकतं ते पाहा. मागच्या वर्षी तुझ्याकडे आठ माणसं होती, आता चौदा आहेत. कारखान्यात दहा माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची योजना, लागू होते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले सगळे त्यात येतात. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. १८,००० पगार असेल तर तुझे ५८५ आणि त्याचे १३५ रुपये. जुलै २०१९च्या आधी मालकाला हेच पावणेपाच टक्के पडत होतं. एवढ्या पैशांत कामगाराच्या कुटुंबालाही उपचार मिळतात, आजारपणाच्या रजेत त्याला ७० टक्के भत्ता मिळतो. दवाखान्यात रांग असते, हे खरं. पण प्रेसखाली बोट गेलं तर भरपाईचा बोजा महामंडळ उचलतं. हजेरीपटावर नऊच नावं दाखवायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

राहिले ते २१,००० च्या वरचे चौघे. ग्रुप पॉलिसी त्यांच्यापुरती ठेव. हप्ता फुगतो तो बहुधा पॉलिसीत घेतलेल्या त्यांच्या आईवडिलांमुळे. त्यांची वयं विचार. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड काढायला तुझा ऑफिसातला मुलगा त्यांना मदत करील. मात्र जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, याची खात्री करूनच त्यांना पॉलिसीतून वगळ. सत्तरीच्या आतल्यांना तसंच उघड्यावर टाकू नकोस. त्यांच्या हप्त्यात मुलांनी थोडा वाटा उचलावा, असं ठरव.

एजंट खोलीभाड्याची मर्यादा घालून हप्ता उतरवून देईल. ती घालायची तर माणसांना आधी नीट समजाव. मर्यादा दिवसाला ४,००० असताना कोणी ८,००० ची खोली घेतली, तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा कापला जाऊ शकतो. त्यापेक्षा मूळ पॉलिसी तीन लाखांची ठेवून त्यावरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप घे. मोठी आजारपणं त्यात भागतात आणि हप्ता आटोक्यात राहतो.

नूतनीकरणाच्या दोन महिने आधी कंपनीकडून वर्षभराच्या क्लेमचा तपशील मागव आणि तो घेऊन आणखी दोन-तीन कंपन्यांकडून दर काढ. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं त्याच महिन्यात कमी कर. ग्रुप पॉलिसीवर अजून १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा दर विचारताना करासकट विचार.

शेवटी एकच सांगतो: काय ठरवशील ते माणसांना समोर बसवून, मराठीत, एका कागदावर लिहून दे. विमा आहे हे कामगाराला ठाऊकच नसेल, तर तू भरलेला हप्ता फुकट गेला असं समज.

तुझा,
अण्णामामा