न दिसलेल्या पक्ष्याची नोंद

पक्षिगणना म्हणजे एखाद्या ठिकाणच्या पक्ष्यांची ठरलेल्या काळात, ठरलेल्या पद्धतीने आणि बहुतेक वेळा विनामोबदला केलेली मोजणी. ही मोजणी चालू असताना मोजणाऱ्याला पाहणारे कोणी झाडीत नसते, आणि नीतिविचाराच्या दृष्टीने या कामातील सर्वांत लक्षणीय बाब हीच आहे. पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्यात हिवाळ्याच्या सकाळी हरियाल किंवा मोरटाका या निसर्गवाटेने दुर्बीण आणि वही घेऊन निघालेले स्वयंसेवक जे आकडे लिहितात, ते बव्हंशी त्यांच्या शब्दावरच खरे धरले जातात. दुर्मीळ पक्ष्याची नोंद केली तर जाणकार छायाचित्र किंवा वर्णन मागतात. बुलबुल आठ होते की अठरा, हे मात्र कोणीही विचारत नाही.

कर्नाळ्याचे जंगल लहान, सुमारे बारा चौरस किलोमीटरचे असून किल्ल्याच्या सुळक्याखाली पसरलेले आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याला चिरून जातो. या जंगलाची कीर्ती बरीचशी तिबोटी खंड्या या रायगडच्या जिल्हापक्ष्यावर उभी आहे. पण तो येथे प्रामुख्याने पावसाळ्यात, विणीसाठी येतो, त्यामुळे जानेवारीच्या यादीत तो सहसा नसतो आणि नसावाही. त्याऐवजी हिमालयाकडून उतरलेला निळ्या टोपीचा कस्तूर, राखी कोतवाल आणि पानांच्या गर्दीत क्षणभरही न ठरणारे पर्णवटवटे यांच्याशी गाठ पडते. पर्णवटवट्यांच्या जाती रंगरूपाने इतक्या सारख्या असतात, की आवाज नीट ऐकू आला नाही तर मुरलेल्या निरीक्षकालाही खात्री देता येत नाही. अशा वेळी ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहिण्याची सोय असते. ही सोय वापरणे कमीपणाचे वाटते, कारण यादीतील जातींच्या संख्येवर निरीक्षकाचा मान ठरवण्याची सवय पक्षिमित्रांच्या वर्तुळात चांगलीच रुजलेली आहे. प्रत्यक्षात मात्र त्या अनिश्चित शब्दांइतकी भरवशाची नोंद क्वचितच मिळते.

यादी वाढवण्याचा हा एक मोह; दुसरा याच्या उलट, म्हणजे गाळण्याचा. ‘संपूर्ण यादी’ याचा अर्थ दिसलेला किंवा ऐकू आलेला आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, किती वेळ व किती अंतर चालून तो नोंदवला त्या तपशिलासह, यादीत आला पाहिजे. कावळा कशाला लिहायचा, असे म्हणून तो गाळला, तर ती यादी कावळ्यापुरती खोटी ठरते; कारण सगळे लिहिले आहे हे गृहीत धरूनच अभ्यासक न लिहिलेल्या पक्ष्याचा अर्थ ‘आढळला नाही’ असा लावतो. सारख्या प्रयत्नांच्या अशा हजारो याद्या वर्षानुवर्षे शेजारी ठेवल्या, की मगच पक्षी वाढले की घटले याचा अदमास घेता येतो. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालात नीलपंखाची घट ठळकपणे दिसली, ती अशाच याद्यांमुळे. तारेवर बसलेला नीलपंख परिचयाचा म्हणून लिहायचे टाळले गेले असते, तर त्याचे कमी होणेही कोणाच्या ध्यानात आले नसते.

सद्हेतूनेही आकडा वाकतो, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. चिमणी देशभर नाहीशी होत आहे, ही भावना शहरी समाजात इतकी पक्की होती की तिला पुराव्याची गरज कोणाला वाटली नव्हती. याच नावाच्या २०२० च्या अहवालाने मात्र मोठ्या महानगरांत तिची संख्या घटल्याचे, पण एकंदर देशात ती बरीचशी स्थिर असल्याचे दाखवले. हा निष्कर्ष अनेकांना गैरसोयीचा वाटला, कारण हळहळ ओसरली तर कळवळाही ओसरेल अशी त्यांना धास्ती होती. परंतु जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्याने फुगवलेला एक आकडा उघडकीस आला, की महामार्गाच्या रुंदीकरणापासून उरणच्या पाणथळ जागांपर्यंत सर्वत्र त्याच्या खऱ्या आकड्यांवरही संशय घेण्याची मुभा समोरच्या पक्षाला मिळते.

हिवाळी गणनेची जगातील जुनी परंपरा शिकारीला पर्याय म्हणून सुरू झाली. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून जो अधिक प्राणी-पक्षी मारील तो विजयी, अशी चढाओढ चाले. फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये मारण्याऐवजी मोजावे असे सुचवले आणि पहिल्या वर्षी सत्तावीस जण पुढे आले. चढाओढीची ती खोड दुर्बिणीसोबतही टिकून राहिली, हे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला उघड्यावर खेचणाऱ्यांकडे पाहिले की लक्षात येते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून पाळला जातो. चितमपल्ली यांच्या वनसेवेतील काही काळ कर्नाळ्यात गेला; पण या संदर्भात त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या ज्यांच्याकडून ते जंगल शिकले, त्यांचे ऋण त्यांनी लेखनात नावानिशी मांडले. कर्नाळ्याच्या आसपास ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. त्यांतील एखाद्याने केवळ शिळेवरून पक्षी ओळखून दाखवला, तरी यादीवर नाव लागते ते मोबाइल हाती असलेल्या पाहुण्याचे. सुटीचा दिवस विनामोबदला देऊ शकणाऱ्यालाच स्वयंसेवक म्हणवून घेता येते. ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, त्याच्या ज्ञानाला ही पदवी मिळत नाही. यादीच्या खाली टिपणासाठी एक रकाना असतो आणि पक्षी कोणी ओळखला हे, त्याची संमती घेऊन, तेथे लिहायला कोणताही नियम आड येत नाही.