विदुराची वाटणी

प्रवचनात द्यूतसभेचा भाग आला की श्रोत्यांचा सगळा राग दुःशासनावर निघतो. विदुराचा हिशेब वेगळा आहे. द्रौपदीच्या प्रश्नाला ज्येष्ठांपैकी कोणी नीट उत्तर देईना, तेव्हा तो उठून कश्यपाचा दाखला देतो आणि पापाची चक्क वाटणी करतो: निंद्य कृत्याची सभेत निंदा झाली नाही, तर अर्धं पाप सभेच्या मुख्याचं, पाव करणाऱ्याचं, पाव गप्प बसलेल्यांचं. म्हणजे करणाऱ्याच्या दुप्पट मुख्याच्या माथी!

ही वाटणी मला हल्ली भाचीमुळे आठवते. ती रात्री मोबाइलवर चौघांच्या टीममध्ये गेम खेळते. माइक बंद, आयडी मुलाच्या नावाचा. कारण आवाज ऐकला की ‘अरे, मुलगी आहे’पासून सुरुवात होते आणि पुढचं मला इथे लिहवत नाही.

“रिपोर्ट कर ना.”

“करते, आत्या. ‘आपली तक्रार मिळाली’ असं येतं.”

“आणि बाकीचे दोघं?”

“ते खेळत असतात.”

अमेरिकेत हे फार टोकाला गेलं. गेममधल्या स्त्रीचित्रणावर टीका करणारे व्हिडिओ बनवायला अनिता सार्कीझियन यांनी 2012 साली लोकांकडे सहा हजार डॉलर मागितले. दीड लाखाहून अधिक जमले. पण त्याच वर्षी कोणीतरी असा गेमही काढला, की क्लिक केलं की त्यांच्या चेहऱ्यावर मारल्याचे वळ उठावेत. 2014 च्या ‘गेमरगेट’ या ऑनलाइन छळमोहिमेत गेम बनवणाऱ्या ब्रियाना वू यांना धमक्यांमुळे घर सोडावं लागलं. त्याच ऑक्टोबरात युटा स्टेट युनिव्हर्सिटीत सार्कीझियन यांचं भाषण होतं. सामूहिक हत्येची धमकी आली. परवानाधारकांना सभागृहात बंदूक आणण्यापासून रोखता येणार नाही, राज्याचा कायदाच तसा आहे, असं उत्तर मिळालं. त्यांनी भाषण रद्द केलं. धर्माची गती सूक्ष्म आहे, असं भीष्मांनी द्रौपदीला सांगितलं होतं, त्याच जातीचं हे उत्तर.

‘गेमच तर आहे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. द्यूतही खेळच होता. शकुनीनं कपट केलं नसतं, फासे सरळ पडले असते, तरी द्रौपदीला फरफटत आणणं न्याय्य ठरलं नसतं.

लाखो लोक एकाच वेळी बोलतात, कंपनीनं कुणाकुणावर लक्ष ठेवायचं, हेही मला ऐकवलं जातं. पण भिंतीपलीकडचं दाखवणारा हॅक वापरला तर तो पकडायला यंत्रणा असते, खातं कायमचं बंद होतं. फाशांवर एवढी नजर, आणि सभेत काय चाललंय ते ऐकू येत नाही! धृतराष्ट्र निदान जन्मांध तरी होता. त्याच्या वाट्याला अर्धं आलं असेल, तर इथे कंपनीला मी अर्ध्याहून कमी लावणार नाही.

गप्प बसणाऱ्यांच्या पाव हिश्श्याबाबत माझा हात थोडा सैल आहे, कारण बोलणाऱ्याचं काय होतं ते दिसतं. भाचीच्या एका मॅचमध्ये एक मुलगा “बस कर रे” म्हणाला. “तुझी कोण लागते?” म्हणत सगळे त्याच्यावरच घसरले. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूनं बोललेल्या विकर्णालाही कर्णानं पोरकट म्हणूनच गप्प केलं होतं.