तीर्थ कोणत्या हाताने?

तीर्थ उजव्या हातावर घ्यायचे, ही रीत. वालावलला तळ्याकाठच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळातही पुढे होतो तो उजवाच तळवा. अर्धांगवायूने तोच हात लुळा पडला तर? काही आठवड्यांत मनगट आत वळू लागते, अंगठा तळव्यात दडतो, मूठ सुटत नाही. स्प्लिंट मनगट सरळ आणि बोटे उलगडलेली ठेवते. हालचाल मात्र देत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, 63 रुग्णांच्या चाचणीत चार आठवडे रात्री स्प्लिंट बांधूनही मनगट आखडणे थांबल्याचे दिसले नाही. म्हणून ती सरसकट बांधत नाहीत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. हात हे करण. ते निकामी झाले म्हणून कर्ता संपत नाही. नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांना अट आहे ती भक्तीची, हाताची नाही. मानसपूजाही परंपरेला मान्यच आहे, पण आजाऱ्याला तिच्यावर बोळवणे जरा सोयीचेच. तीर्थापुरती स्प्लिंट सोडता येते. डाव्या हाताने उजवे मनगट तोलून धरायचे, तळव्यात पळीभर पाणी. थोडे सांडते. मग तळवा कोरडा पुसून, कातडीवर लाल वळ नाहीत ना ते पाहून पट्टे पुन्हा आवळायचे.