औंधचा अर्धा राहिलेला प्रयोग

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. खर्च राजाचा, हौसही राजाची आणि बघणारे दरबारचे निमंत्रित. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, संस्थानचा आधार तुटला, आणि भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. ‘सीतास्वयंवर’च्या त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, पण मला त्या प्रयोगानंतरची ही दहा वर्षे अधिक मोलाची वाटतात. तिकीट काढून आलेला माणूस कुणाचा मिंधा नसतो. आवडले नाही तर तो उठून जातो. अशा अनोळखी माणसाचा विचार मराठी कलावंताला इथून पुढे करावा लागला. १८९९ मध्ये हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ आले, तेव्हा तर त्या माणसाच्या घरातलाच जरठ-बालाविवाह रंगमंचावर उभा राहिला.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला हा विचार वेगळ्या वाटेने गेला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. आयुष्यभर जमवलेला कलासंग्रह त्यांनी १९३८ मध्ये यमाई देवीच्या डोंगरावर संग्रहालय बांधून लोकांसाठी ठेवला. त्यात राजा रविवर्मा आहेत आणि हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराने घडवलेले आई-मुलाचे शिल्पही आहे. खटाव-माणचा हा दुष्काळी मुलूख. देवीला आलेल्या शेतकऱ्याने नैवेद्य दाखवून खाली उतरावे आणि आपल्याच काळातल्या शिल्पासमोर उभे राहावे, ही कल्पना आजही धाडसी वाटते. तिकडे मुंबई-पुण्यात, नवी कला सामान्यांना झेपत नाही असे अजूनही सहज बोलले जाते.

त्याच सुमारास, १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या संस्थानच्या राज्यघटनेनुसार भवानरावांनी कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. सत्ता वाटून देण्याइतका मोठ्या मनाचा हा राजा. तरीही भिंतीवर कोणते चित्र लागावे, हे त्याचे त्यानेच ठरवले. गावाने कारभार करायचा, पण कलेच्या बाबतीत शिकायला यायचे, अशी ती विभागणी होती. मला ती खटकते, कारण पंचायतीवर त्यांनी टाकलेला विश्वास चित्रांपाशी येऊन थांबला.

शिकवायला कुणी न येताही हा सातारा-सांगलीचा मुलूख कला घडवत होताच. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव तमाशाच्या फडात गेले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईला गेले आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिथे समोर बसलेला कामगार आणि वर गाणारा शाहीर एकाच वस्तीतले. कलापथकाचा प्रेक्षक कलेचा विषय होता, जाणकार होता, प्रसंगी कर्ताही होता.

आज समकालीन चित्र-शिल्पांबद्दल ‘आम्हाला कळत नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा तो अडाणीपणा आहे असे मला वाटत नाही. शारदेचे दुःख ज्यांना कळले आणि कलापथकाचे वग ज्यांनी डोक्यावर घेतले, त्याच लोकांची ही नातवंडे-पतवंडे आहेत. त्यांना कधी कुणी काही विचारलेच नाही. औंधच्या संग्रहात नवे काम घ्यायचे झाले, तर निवड करणाऱ्यांत कलाशिक्षकाबरोबर पंचक्रोशीतले शेतकरी, यमाईच्या यात्रेतले दुकानदार, शाळकरी मुलीही बसाव्यात. त्यांनी भांडावे, नाकारावे, एखादे काम हट्टाने मागून घ्यावे. भवानरावांच्या घटनेत एवढे एकच कलम राहून गेले आहे.